उजवा लेग

साईनाथ अंगणात फोनवर बोलत होता आणि त्याची आई, काशीबाई, ओटीवर तांदूळ पाखडत होती. "सर, डावा लेग एकदम फुल. उजवाच वीक हाय. रविवारपर्यंत उभा नाय राहिला, तर माझं सगळं संपलं!"

काशीबाईच्या हातातलं सूप थांबलं. लेग म्हणजे पाय, एवढं इंग्रजी तिला दवाखान्यामुळे ठाऊक होतं.

आता साईनाथच्या कंपनीतले पाय निराळे. ताकदीच्या पावडरची ती कंपनी. पैसे भरून शिरायचं आणि आपल्याखाली दोन माणसं बसवायची, एक डावा पाय, एक उजवा. त्या दोघांनी पुन्हा दोन-दोन आणायची आणि सगळ्यांचे पैसे वर सरकायचे. डावीकडे त्याने मेहुण्याला, सुनिलला, बसवलं होतं. उजवीकडे शेजारच्या धाऊकाकांवर डोळा होता. काकांनी नुकतीच म्हैस विकली होती.

काशीबाईला यातलं काय कळणार? तिने रडत रडत दोघींना सांगितलं. त्यांनी आणखी दोघी-दोघींना. संध्याकाळी साईनाथ शहापूरहून परतला, तर अख्खं सापगाव अंगणात! कुणी तेल आणलेलं, कुणी निरगुडीचा पाला. शेजारची चंदा तेवढी फुरंगटून उभी होती.

"तुला काय झालं गो?" साईनाथने विचारलं.

"मी सांगाया गेले, तर सगल्यांना आधीच ठाव! माझ्या वाट्याला माणूसच नाय उरला."

साईनाथ तिच्याकडे बघतच राहिला. कल्याणच्या हॉलमध्ये कंपनीच्या टायवाल्या सरांनी सगळं समजावलं होतं, नेमकं एवढंच सोडून.

धाऊकाकांनी त्याला बळेच खाली बसवलं, उजव्या पायाला तेल चोळलं आणि कनवटीची पुरचुंडी त्याच्यापुढे ठेवली. "म्हशीचं पैसं हाईत. आपरेशनला लागतील."

हेच पैसे मागायला तो उद्या जाणार होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नको काका," म्हणत त्याने पुरचुंडी परत त्यांच्या मुठीत कोंबली. तेवढ्यात सरांचा फोन आला. "मी नाय येत रविवारी कल्याणला," एवढंच बोलून त्याने तो बंद केला आणि तिथंच घळाघळा रडू लागला.

"एवढं दुखतंय का रे?" काशीबाई कळवळली.

"उजवा वाचला, आये. गेलाय तो डावा! आता सुनिलला काय सांगू?"

"सुनिलला कशाला सांगतोस येवढ्या लांब? धाऊभावजी हाईत ना चोलाया!"

काकांनी मुकाट्याने डावा पाय मांडीवर घेतला.