अत्यंत गुप्त! लगेच उघडा!

ग्रंथालयाच्या मोठ्या बाई रविवारी निवृत्त होणार होत्या. त्यांना कानोकान खबर न लागता जुन्या वाचकांना निरोपाला बोलावायचं काम बाइंडरकाकांनी हट्टानं अंगावर घेतलं. एकेकाळी काका काम मागत दारोदार फिरत होते, तेव्हा याच बाईंनी फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा पुढे ठेवून म्हटलं होतं, "हे शिवा. आणि उद्याही या." त्या 'उद्याही या'वर काकांचा संसार उभा राहिला. आता सभागृह रिकामं राहिलं, तर देवासमोर कुठल्या तोंडानं जायचं?

काकांनी समस्त वाचकांना एकगठ्ठा मेल धाडली. विषय लिहिला, 'अत्यंत गुप्त! लगेच उघडा!'

पाहता पाहता निम्म्या मेल परत आल्या. काका डगमगले नाहीत. पुस्तक आलं नाही की स्मरणपत्र, तरी आलं नाही की पुन्हा स्मरणपत्र, ही ग्रंथालयाची रीत त्यांच्या अंगात मुरलेली. त्यांनी सकाळ-संध्याकाळ मेल पाठवायचा सपाटा लावला. शिवाय परतीच्या प्रत्येक सूचनेला उत्तर दिलं, 'पोस्टमास्तरसाहेब, कळवण्याची तसदी घेतलीत, देव आपलं भलं करो.'

शुक्रवारी मेल जाणंच बंद झालं. सुनेनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, अहो, मशीनचे आभार कसले मानताय?"

"मशीन असलं म्हणून काय झालं? बिचाऱ्यानं कळवलं तरी!"

"काय कळवलंय ते वाचलंत? हा म्हणतो, असा पत्ताच नाही. तो कायमचा काढून टाकायचा. हा म्हणतो, पेटी भरलीय. तिथे जरा थांबायचं. आणि हा तिसरा मेल स्पॅम समजून दारातूनच परत पाठवतोय. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि तुम्ही सगळ्यांना स्मरणपत्रं!"

"मग मेलवाल्यांनी बंद का केलं?"

"बंद दारांवर इतक्या धडका मारल्यावर भामटाच वाटणार ना! वर कुणीतरी तुमची तक्रारही केलीय."

"माझी? कुणी गं?"

"नाव देत नाहीत ते."

काकांचा चेहरा उतरला. पण हातावर हात धरून बसतील तर ते काका कसले! त्यांनी सभासदांची कार्डं काढली आणि एकेकाला फोन लावला. "मी बाइंडर बोलतोय. बाईंसाठी याल ना?" नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाई दारातच थबकल्या, डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. मग बोलायला उठल्या, त्या जरा सावरूनच.

"जाता जाता एक सांगते. 'अत्यंत गुप्त' म्हणून कुणी भामटा मेल पाठवतोय. ग्रंथालयाची पहिली सभासद मीच, म्हणून मलाही आली. मी न उघडताच तक्रार ठोकली!"

काकांच्या अंगावर काटा आला. बाईंनी ती उघडली असती तर? त्यांनी मनोमन देवाला हात जोडले. सून तोंडावर रुमाल धरून हसत होती.

व्यासपीठावरून खाली उतरल्यावर बाईंनी विचारलं, "काका, तुम्हालाही आली का हो ती मेल?"

"मला कशी येईल, बाई?" काकांनी वाकून नमस्कार केला. "पण त्या भामट्यानं तुमचे फार आभार मानलेत."