मोठा पेपर

"भाऊसाहेब, त्या मुलीचा पेपर मोठा करून द्यायचाय, लक्षात आहे ना?" बाईंनी जिना उतरता उतरता विचारलं आणि परीक्षा विभागाच्या कारकुनांनी मान डोलावली. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यावरून घडलं.

या बाईंना कॉलेजात सगळे 'सोयीच्या बाई' म्हणत. ज्या मुलांना दिसायला, ऐकायला, चालायला अडचण आहे, त्यांच्या वर्गाची आणि परीक्षेची सोय लावणं हे त्यांचं काम. कामांची वाटणी झाली त्या बैठकीला त्या गैरहजर होत्या, म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं. पण पडलेलं काम त्यांनी मनापासून केलं. सोय जाणेल तो सोयरा, या न्यायानं निम्मं कॉलेज त्यांचं सोयरं झालं होतं. उरलेलं निम्मं त्यांना पाहून वाट बदलायचं, कारण बाई भेटल्या की कुणाचा तरी वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणावा लागे.

मुलगी शेवटच्या वर्षाची, नजरेनं अधू. ठसठशीत अक्षरं ती वाचायची. बारीक छपाईपुढे मात्र तिचं भिंगही हात टेकायचं. तिची नोकरी ठरल्यात जमा होती. फक्त तर्कशास्त्राचा राहिलेला पेपर सुटायला हवा होता, आणि त्याची ही शेवटची संधी होती.

कारकुनांनी 'ध'चा 'मा' केला असता तर निदान त्यांना दोष देता आला असता. त्यांनी निरोप शब्दाला शब्द पोचवला. "सर, एका मुलीला पेपर मोठा हवाय."

तर्कशास्त्राचे सर 'उपप्रश्न सर' म्हणून प्रसिद्ध होते. आजवर मुलांनी त्यांच्याकडे पेपर सोपा मागितला होता, छोटा मागितला होता, पुढे ढकला म्हणून विनवण्या केल्या होत्या. मोठा कुणी मागितला नव्हता. सरांना भरून आलं. त्यांनी नेहमीच्या पाच प्रश्नांना आणखी सहा जोडले, प्रत्येकाला उपप्रश्नांचं शेपूट लावलं, आणि एवढं सगळं एका कागदावर मावेना म्हणून अक्षर बारीक केलं.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी तळमजल्यावरच्या खोलीत स्वतः पाकीट फोडलं. मुलीनं कागदावर भिंग धरलं, वर केलं, खाली केलं.

"बाई, हा माझाच पेपर आहे ना? मला नुसत्या मुंग्या दिसतायत."

बाईंनी पाहिलं. त्यांनाही मुंग्याच दिसल्या. त्या धावत परीक्षा विभागात गेल्या.

"भाऊसाहेब, अक्षर मोठं करायचं होतं हो!"

"मग अक्षर म्हणायचं, बाई. तुम्ही पेपर म्हणालात."

झेरॉक्स मशीननं अक्षर मोठं केलं, पण कागद होता तेवढाच राहिला. कुठल्या प्रश्नाचं डोकं उडालं, कुठल्याचे पाय. मूळ फाइल मागावी तर सरांनी ती गोपनीयतेपायी पुसून टाकली होती. आता पेपर वाचून दाखवायचा, एवढाच मार्ग उरला. बाईंनी सरांनाच बोलावलं.

सर हसतमुखानं आले. "मोठा पेपर मागणारी हीच का?"

"मी अक्षर मागितलं होतं, सर," मुलगी म्हणाली. "प्रश्न नव्हते मागितले."

सरांचा चेहरा एवढासा झाला. "मी घरी सांगितलंसुद्धा," ते पुटपुटले, "की अजून जिज्ञासू मुलं आहेत म्हणून."

बाईंना त्यांची दया आली, पण घड्याळ पुढे सरकत होतं. "वाचा, सर. वेळ तुम्ही वाचायला लागल्यापासून धरते."

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग हातभर लांब धरला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. खिडकीशी जाऊन आले.

"छपाई फिकट आहे," ते म्हणाले.

मुलीनं आपलं भिंग पुढे केलं. सरांनी क्षणभर बाईंकडे पाहिलं आणि ते घेतलं.

मग आपलेच प्रश्न त्यांना शब्द शब्द लावत वाचावे लागले. "वरील विधान सत्य नसल्यास, ते असत्य नाही असे का म्हणता येणार नाही, हे... हे कुणी काढलंय?"

"तुम्हीच, सर."

"सोड हा. पुढचा घे." पुढच्याच्या मध्यावर त्यांना धाप लागली. "हाही सोड."

असे सोडत सोडत वाढवलेले सगळे गेले आणि शेजारच्या हॉलमध्ये होते तेवढे पाच उरले. मुलीनं ते शांतपणे सोडवले. निकालाच्या दिवशी ती पास झाल्याचं सांगायला आली, तेव्हा बाईंनी तिच्यादेखत डोळे पुसले आणि धूळ फार झालीय म्हणाल्या.

त्याच आठवड्यात सर बाईंच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं.

"ही तुमची सोय... फक्त विद्यार्थ्यांनाच असते का?"

"कुणासाठी हवीय, सर?"

"आहे एक ओळखीचा. टिपणं वाचता येत नाहीत त्याला हल्ली. पाठ आहेत म्हणून निभावतंय."

बाईंनी फोन उचलला. "भाऊसाहेब, काही टिपणं पाठवतेय. अक्षर मोठं करायचंय. अक्षर! काही वाढवायचं नाही."

"कुणासाठी, बाई?" पलीकडून प्रश्न आला.

सर खिडकीबाहेर बघत होते.

"आहेत एक," बाई म्हणाल्या. "जिज्ञासू आहेत."