संपादकांचं झाड आणि हिरवा दिवा

कुठलाही विषय द्या, तासाभरात त्यातला तज्ज्ञ होऊन दाखवतो. रोजच्या वर्तमानपत्रात उमेदीची वर्षं घालवल्यावर एवढं जमतंच. म्हणूनच संपादकांनी रजेवर निघताना टेबलावरचं लाडकं झाड माझ्या हवाली केलं.

"मी परतेपर्यंत हे जगव. विज्ञान पान तुझं."

त्या पानावर माझा केव्हापासून डोळा होता.

अडचण एकच. आमचं कार्यालय तळघरात, खिडकी औषधालाही नाही. मी तासभर वाचलं आणि निष्कर्ष काढला: झाडाचं पोट प्रकाशावर भरतं, झाड हिरवं असतं, तेव्हा त्याला हिरवाच प्रकाश मानवणार. नक्की हिरवाच ना, असं दुकानदाराने दोनदा विचारलं. मला त्याच्या अज्ञानाची कीव आली.

दिवा लागला आणि उपसंपादकांचे चेहरे बुरशी आलेल्या पावासारखे दिसू लागले. झाडाने एक पान टाकलं. मी आणखी मोठा दिवा आणला, पाणीही वाढवलं. झाडाने पानं टाकण्याचा सपाटाच लावला. श्रद्धांजलीला किती जागा सोडू, असं मुख्य वार्ताहर येता-जाता विचारायचा.

मग इमारतीत आगीची तालीम झाली. सगळीकडचे दिवे घालवले. झाड उपाशी राहू नये म्हणून माझा तेवढा बॅटरीवर होता. हिरवा दिवा म्हणजे बाहेर पडायची वाट, हे सगळ्यांना शिकवलेलं. वरची अख्खी विमा कचेरी शिस्तीत जिना उतरून तळघरात आली आणि झाडाभोवती उभी राहून सुटकेची वाट पाहू लागली.

बायको कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिला हे सांगितलं, तर तिचं हसू आवरेना.

"अहो, पान हिरवं दिसतं, कारण हिरवा प्रकाश ते बराचसा परत पाठवतं. त्याला हवा लाल आणि निळा. तुम्ही नावडतं तेच वाढलंत, आणि वर आग्रह!"

मग तिने मला शाळकरी पोरासारखं समोर बसवलं. प्रकाश हरितद्रव्यावर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन उडतात. त्यांची जागा भरायला पान पाणी फोडतं. ऑक्सिजन बाहेर पडतो आणि साठवलेली ऊर्जा साखर करायच्या कामी येते. हवा तो प्रकाशच नसेल, तर नुसतं पाणी ओतून काय होणार?

दुसऱ्या दिवशी ती स्वतः लाल-निळा दिवा घेऊन आली. तळघर जांभळं झालं. नाच कधी सुरू होणार, असं मुख्य वार्ताहराने विचारलं. पण काही दिवसांत झाडाला कोंब फुटला.

संपादक परतले. कोंब पाहून खूश झाले आणि हा जांभळा उजेड कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी इलेक्ट्रॉनपासून साखरेपर्यंत सगळं न अडखळता सांगितलं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"बायकोने," मी म्हणालो. दुसरं काही सुचायला वेळच मिळाला नाही.

"म्हणजे झाड त्यांनी जगवलं. मग वहिनींना विचार, पान बघतील का."

बघतात. या आठवड्याचा लेख तपासायला माझ्याकडेच आलाय. फक्त शुद्धलेखन पाहायचं, विज्ञानाला हात लावायचा नाही, असं मला घरूनच बजावलंय.