पापुआची म्हातारी दारावर आली

"आप्पा, तासभर घरमा कोनीच नको. आज सेमिनार बिघडना ते मन्हं पीएच.डी.नं नाव कटी जाई," ललित म्हणाला. त्याचा बाप सुपडू ओट्यावर पहाऱ्याला बसला. पोरगं डॉक्टर व्हावं एवढंच त्याच्या बायकोला, सिंधुबाईला हवं होतं. ती चैत्रात गेली, त्याला आता सहा महिने झाले.

आत कॉम्प्युटरवर पुण्याचे सर होते. ललितचा विषय पापुआतली एक छोटी भाषा. डोंगरातली चार-पाच गावं, दर गावाची बोली थोडी वेगळी. वाक्यात क्रियापदं मालगाडीच्या डब्यांसारखी लागतात आणि काम कोणी केलं ते शेवटच्या डब्यावर कळतं. आवाज चढतो, पडतो, मधेच घशात अडतो. हे सगळं एकाच रेकॉर्डिंगमध्ये होतं, म्हणून ललितने ते मोठ्याने लावलं. तिकडची एक म्हातारी मेलेल्या नवऱ्यासाठी रडत होती.

मयताच्या घरी वर्षाच्या आत कधीही बाहेरगावची बाई दारावर येऊन रडू लागली, की गल्लीतल्या बायांनी जाऊन साथ द्यायची, अशी त्यांच्या ब्राह्मणपुरी गावाची रीत. समोरच्या सरलाबाईंनी पिठाची परात तशीच ठेवली.

"माय वं! सिंधुबाईनी मावसबहीन उनी वाटस."

सुपडू दारात आडवा उभा राहिला. "कोनी नही उनं, वहिनी. ते मशीन शे."

"मशीन कव्हय इतलं रडस का? सरक!"

सुपडू दारातून बाजूला झाला. रडणं खरंच होतं. तेवढ्यात शेजारची निर्मलाबाई चौघींना घेऊन आत घुसली.

"कोनता गावनी शे वं? काहीच समजत नही."

"लांबनी दिखस. गुजरातनी व्हई."

आत कोण आहे ते बघायच्या आधीच सगळ्यांनी तोंडावर पदर घेतले आणि रांगेत बसकण मारली. "मन्ही सिंधु वंऽऽऽ!" म्हातारी चढली की ह्या चढत, ती अडली की ह्या अडत. ललितने घाबरून रेकॉर्डिंग बंद केलं. पाहुणी थकली असं समजून बायांनी जोर वाढवला. सुपडूने कपाळाला हात लावला. पोराचं नाव कटलंच आता.

स्क्रीनवर सर हात जोडून उभे होते. "अहो ललित, घरात कोणी गेलं का?"

ललितने बापाकडे पाहिलं. सरही सुपडूकडे बघू लागले.

"मन्ही बायको," सुपडू म्हणाला.

"अरेरे! कधी?"

चैत्र अगदी जिभेवर आला होता. तोंडातून निघालं, "आत्तेच, साहेब."

सरांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि स्क्रीन काळी झाली. ललितने घाम पुसला.

"आप्पा, काय भारी थाप मारी तुमीन! वाचनू मी."

"थाप कोनी मारी?" सुपडू म्हणाला, आणि बायांच्या रांगेत खाली बसला.