तिसऱ्या घंटेनंतर

"सव्वीस वर्षं झाली, माझ्या हाताखाली एकाचंही नख तुटलेलं नाही!"

हे वाक्य सदाशिवराव लग्नात बोलत, बारशात बोलत, आणि एकदा तर दहाव्याच्या घाटावरसुद्धा बोलले होते. चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर. आता ते खोटं बोलत होते असं नाही हो. पण ही सगळी करामत होती भीतीची! त्यांच्याइतका घाबरट माणूस अख्ख्या पिंपळे सौदागरात दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

त्याला कारणही तसंच होतं. चौदा वर्षांपूर्वी कंपनीच्या पेंट शॉपला आग लागली. सगळे धडधाकट बाहेर आले, पण मोजणीत एक माणूस कमी भरला. अकरा मिनिटांनी तो पठ्ठ्या कँटीनमागे निवांत तंबाखू मळताना सापडला. त्या अकरा मिनिटांत पोटात जो गोळा आला, तो आजतागायत गेलेला नाही. तेव्हापासून सदाशिवरावांच्या गळ्यात कायम शिट्टी. आंघोळीलासुद्धा!

कंपनीत दर महिन्याला मॉक ड्रिल. भोंगा तीनदा लांब वाजला की हातातलं काम टाकायचं आणि रांगेनं, न पळता, न ढकलता मैदानात जमायचं. घरीही ते सहा महिन्यांतून एकदा अचानक शिट्टी फुंकत. लहानगी अनुया दप्तर घेऊन पार्किंगमध्ये जाऊन उभी राहायची. पद्मजाबाई मात्र गॅसपुढून तसूभर हलत नसत.

"माझी पोळी करपेल. खरी आग लागली की सांगा."

तर ही अनुया मोठी झाली आणि प्रकाशातून चित्रं रंगवायचं काम शिकली. छावणीतल्या दीडशे वर्षांच्या दगडी कॅथेड्रलमध्ये तिनं एक खेळ बसवला. तिथल्या रंगीत काचांच्या खिडक्या कारागिरांनी कशा घडवल्या, त्याची गोष्ट भिंतींवर, छतावर, खांबांवर प्रकाश आणि आवाजातून उलगडायची. दोन वर्षं पोरगी राबत होती! फादर समाधान साळवे भला माणूस, पण चर्चच्या कमिटीला धाकधूक. वर जुनं लाकडी छत. एवढी गर्दी आत आणि काही झालं तर माणसं बाहेर कशी काढायची? शेवटी ठरलं, एक चाचणी खेळ करा, शंभर तरी माणसं बसवा, आम्ही बघतो. पसंत पडला तर महिनाभराची परवानगी, नाहीतर गाशा गुंडाळा.

"शंभरच ना? अगं, मी कंपनीच्या दोन बस भरून आणतो!" सदाशिवराव म्हणाले. "बायकापोरांसकट! माझी माणसं म्हणजे शिस्त!"

अनुयाचा चेहरा उतरला. पण दुसरा इलाज नव्हता.

"बाबा, पाया पडते. शिट्टी घरी ठेवा."

"ठेवली!"

"आणि मधे काचेची भट्टी पेटते. सगळं लालभडक होतं, धूर येतो. ते खोटं आहे. घाबरायचं नाही."

"मी? आणि घाबरणार?"

शनिवारी संध्याकाळी सात वाजता बस लागल्या. सदाशिवराव दारात उभे राहून सवयीनं मोजत होते. बसमधले शहाण्णव, चर्चचे एकवीस, हे दोघं नवराबायको, आणि वर माळ्यावर यंत्रांपाशी अनुया. एकूण एकशे वीस. आकडा डोक्यात पक्का बसला, तेव्हा कुठे त्यांनी बाकावर बूड टेकलं. शिट्टी बनियनच्या आत होती. गार लागत होती, पण धीर देत होती.

दारं लागली. दिवे गेले. तिथूनच सदाशिवरावांच्या छातीत धडधड सुरू झाली. भिंतींवरून रंग ओघळू लागले, खांबांवर वेली चढल्या, मागचे लोक "वा! वा!" करू लागले. सदाशिवराव मात्र बाहेर जायची दारं पुन्हा पुन्हा मोजत होते. तीनच होती.

आणि भट्टी पेटली!

समोरची अख्खी भिंत लाल. ज्वाळा थेट छताला! लाकूड तडतडल्याचा आवाज, पायाशी धूर! सदाशिवरावांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. खोटं आहे, पोरीनं सांगितलंय, खोटं आहे, असं घोकत त्यांनी डोळे गच्च मिटले आणि बाकाचा दांडा जीव खाऊन आवळला.

"अहो, तो माझा हात आहे!" पद्मजाबाई कुजबुजल्या.

पण सांगायला अभिमान वाटतो मंडळी, गडी हलला नाही! ज्वाळा विझल्या, धूर पांगला. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

आणि सगळं मिट्ट काळोखात बुडालं. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. त्या अंधारात वरची घंटा वाजली. लांब. पुन्हा लांब. सदाशिवरावांचं काळीज लक्कन हललं. भट्टीचं सांगितलं होतं, घंटेचं कुठे कोण बोललं होतं? आणि तिसरी वाजली. लांब!

पुढचं त्यांनी केलंच नाही, त्यांच्या हातांनी केलं. बनियनमधून शिट्टी बाहेर आली आणि कॅथेड्रलचा दगड न् दगड दणाणला.

"सगळे बाहेर! रांगेनं! पळायचं नाही!"

आता दुसरे कुठले प्रेक्षक असते तर हसले असते. पण हे सदाशिवरावांनी घडवलेले शहाण्णव होते! प्रेस शॉपचा ज्योतीराम ताडकन उठला. "उठा रं! सायबाची शिट्टी हाय! फुडच्याच्या खांद्यावर हात ठिवा!" पोराबाळांसकट रांगा लागल्या आणि तिन्ही दारांनी माणसं निघाली. कमिटीच्या म्हाताऱ्या बाई रांगेत शिरत म्हणाल्या, "किती खरं वाटतंय ना! आपल्यालाही खेळात घेतलंय!" त्यांच्यामागून फादरही निघाले.

चिंचेच्या झाडाखाली सगळे जमले. माळ्यावरून अनुया धावत आली.

"बाबा! आग कुठेय?"

"तीन घंटा... लांब..."

"तो शेवट होता! भट्टीनंतर रात्र, तीन घंटा, आणि मग... दोन वर्षं, बाबा! शेवट कुणीच नाही पाहिला!"

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सदाशिवरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काय करावं हे न सुचून त्यांनी जे येत होतं ते केलं. माणसं मोजली. एकशे एकोणीस. पुन्हा मोजली. एकशे एकोणीस!

चौदा वर्षांपूर्वीचा गोळा पोटातून थेट घशाशी आला. आग खोटी असेल, पण त्या अंधारात एखादं पोर बाकाखाली घाबरून बसलं असेल तर? कुणी चेंगरलं असेल तर? बसची यादी वाचली. शहाण्णवच्या शहाण्णव हजर. चर्चचे एकवीस हजर. अनुया समोर. ते स्वतः...

"पद्मजा!"

बाहेर पडलेल्यानं परत आत जायचं नाही, हा नियम त्यांनीच सव्वीस वर्षं शिकवला होता. तो मोडून सदाशिवराव धावले. बाकांना गुडघे आपटत होते. "अगं ए! कुठेयस?" त्यांचाच आवाज छतावरून उलटून अंगावर येत होता. एवढ्यात भक्कन पांढरे दिवे लागले.

पद्मजाबाई होत्या तिथेच बसल्या होत्या. पदरानं डोळे पुसत.

"अगं, शिट्टी ऐकू नाही आली?"

"आली की. खरी आग लागली की सांगा, म्हटलंय ना मी?" त्यांनी नाक ओढलं. "अहो, काय शेवट केलाय तुमच्या लेकीनं! मी एकटीनं पाहिला बघा."

सदाशिवराव मटकन खाली बसले. संपला होता खेळ.

बाहेर फादर समाधान घड्याळ बघत उभे होते. अनुया मान खाली घालून सामान आवरायला निघाली होती.

"तीन मिनिटं दहा सेकंद," फादर म्हणाले. "अंधारात, लेकुरवाळ्यांसकट! नाताळात हेच चर्च रिकामं व्हायला अर्धा तास लागतो. कमिटीला जी भीती होती, तिचं उत्तर मिळालं. परवानगी आहे, बेटा. पण एका अटीवर. रोज तुझे बाबा हजर पाहिजेत."

सदाशिवरावांची छाती फुगली. "अहो, त्यात काय! मी पहिल्याच रांगेत बसतो!"

"नाही नाही. तुम्ही बाहेर. चिंचेखाली."

तेव्हापासून सदाशिवराव रोज संध्याकाळी चिंचेखाली उभे असतात. आत भट्टी पेटते, विझते, आणि घंटा सुरू होते. तिसरीला त्यांचा हात आपोआप गळ्याशी जातो. शिट्टी तिथे नसते. ती पद्मजाबाईंच्या पर्समध्ये असते, आणि पद्मजाबाई आत, पहिल्या रांगेत.