शालन कोळंबी आणि नितळ पाण्याचा पंधरवडा

एका जंगलात त्रिंबकराव नावाचे एक पाणमांजर राहत होते. मुलांनो, तुमच्या पुस्तकातल्या जंगलात सिंह असतो, हे मला ठाऊक आहे. याही जंगलात होता. पण तो या गोष्टीत येणार नाही. त्याला वेळ नसतो. त्याचे फक्त आदेश येतील.

त्रिंबकरावांना एकच शौक होता, खाण्याचा. त्यातही कोळंबीचा. सकाळी ओढ्यात बुडी मारायची, मूठभर कोळंब्या काढायच्या, काठावर उताणं पडायचं आणि एकेक तोंडात टाकायची. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं. मग एके दिवशी त्यांच्या पायाचा अंगठा टम्म सुजला.

जंगलाचे डॉक्टर सुतारपक्षी होते. ते प्रत्येक पेशंटला ठोकून बघत. त्यांनी अंगठ्यावर ठोकलं. त्रिंबकराव किंचाळले.

"कोळंबी बंद," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?"

"तुम्ही आहात तोवर."

त्रिंबकराव घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या पत्नीनं, कावेरीबाईंनी, समोर दुधीची भाजी ठेवली. त्यांनी दुधीकडे असं बघितलं, की दुधीलाच वाईट वाटलं.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी ते उठले आणि खंड्याशेठच्या दुकानात गेले. हे दुकान पाण्यात पाळायच्या जिवांचं होतं. खंड्या मासे विकतो, याचं जंगलात कुणाला नवल वाटत नसे. आतल्या खोलीतला माल विकल्याशिवाय कमी कसा होतो, हेही कुणी विचारत नसे.

"खाता येत नाही, तर निदान बघेन म्हणतो," त्रिंबकराव म्हणाले. "एखादी कोळंबी द्या. जरा गुबगुबीत."

खंड्याशेठनं एक काढून दाखवली. बोटभर लांब, तपकिरी, पाठीवर फिकट पट्टा. तिला नांग्याच नव्हत्या. पुढच्या चार हातांच्या टोकाला बारीक केसांचे पंखे होते.

"ही पंखेवाली," खंड्याशेठ म्हणाला. "वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभी राहते आणि पंखे उघडते. पाण्यातून जे बारीकसारीक येईल ते पंख्यात अडकतं. मग पंखा मिटून तोंडात घालते, चाटूनपुसून खाते. कुणाला चावणार नाही, ओरबाडणार नाही. दिवसभर हात पसरून उभी."

"आमच्या मेव्हण्यासारखी."

"मेव्हणा मागतो. ही मागत नाही. हिला फक्त वाहतं पाणी द्या."

त्रिंबकराव तिला घरी घेऊन आले. कावेरीबाईंनी डोकावून बघितलं.

"अहो, एकच? एका कोळंबीची आमटी मी कशी करू?"

"आमटी नाही करायची. पाळायची आहे."

कावेरीबाईंनी कपाळावर हात मारला. "आता उद्या दुधी पाळा."

त्रिंबकरावांनी अंगणात काचेची टाकी मांडली. ओढ्यापासून टाकीपर्यंत बांबूची पन्हळ टाकली. पाणी धो धो पडू लागलं. पन्हळीच्या समोर त्यांनी एक मोठा दगड ठेवला. कोळंबी त्या दगडावर चढली, पाण्याच्या धारेकडे वळली, आणि तिनं चारही पंखे उघडले.

पहिला आठवडा त्रिंबकराव तिच्याकडे बघून लाळ गाळत होते. दुसऱ्या आठवड्यात ते लाळ गाळायला विसरले. एक पंखा मिटायचा, तोंडाशी जायचा, चाटून बाहेर यायचा, पुन्हा उघडायचा. मग दुसरा. मग तिसरा. गडबड नाही, घाई नाही. हे बघताना त्रिंबकरावांचा अंगठा दुखायचा थांबे. त्यांनी तिचं नाव शालन ठेवलं.

"खायच्या वस्तूला नाव ठेवू नये," कावेरीबाई म्हणाल्या. "मग घास उतरत नाही."

सकाळी उठल्यावर त्रिंबकराव आधी शालनला बघून येत आणि मग चूळ भरत.

अशात सिंहाचा आदेश आला. जंगलात 'नितळ पाणी पंधरवडा' पाळायचा. ओढा फार मोठा होता, त्यामुळे तो वगळला. घराघरातल्या टाक्या मात्र आरपार दिसल्या पाहिजेत. तपासणी होईल. पहिल्या नंबराला चषक मिळेल, नापास होणाऱ्याच्या दारावर पाटी लागेल.

या कामावर बगळेसाहेबांना नेमलं. त्यांची निवड रीतसर झाली होती. जंगलात सर्वांत पांढरं कोण, एवढंच बघितलं होतं.

शेजारच्या गोदाक्का घोरपडीकडे सात चंदेरी मासोळ्या होत्या. गोदाक्कांनी टाकी घासघासून अशी केली, की मासोळ्या हवेत तरंगताहेत असं वाटे. त्या कुंपणावर मान टाकून म्हणाल्या, "त्रिंबकभाऊजी, तुमच्या टाकीत काय तो कचरा! पाटी लागली, तर आळीची अब्रू जाईल."

त्रिंबकरावांना अब्रू होती. त्यांनी टाकी रिकामी केली, काच घासली, तळाचा गाळ उपसला, दगडावरचं शेवाळ खरवडून काढलं. पन्हळीच्या तोंडाला कावेरीबाईंचं जुनं लुगडं चार पदरी बांधलं. आता टाकीत पडणारं पाणी इतकं स्वच्छ, की ते पडतंय हे फक्त आवाजावरून कळे.

दोन दिवस शालन दगडावर उभी राहिली. पंखे उघडत होती, मिटत होती, चाटत होती. तिसऱ्या दिवशी ती दगडावरून खाली उतरली. तळाच्या वाळूवर चालू लागली आणि चारही पंख्यांनी वाळू झाडू लागली. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

त्रिंबकराव आनंदानं ओरडले, "अगं कावेरी, बाहेर ये! ही बघ, झाडू मारतेय! आपल्या शालनलासुद्धा पंधरवड्याचं महत्त्व पटलं!"

बातमी जंगलभर झाली. लोक बघायला आले. पोरं टाकीला नाक लावून उभी राहिली. 'जंगलवार्ता'ची साळुंकी आली आणि तिनं पहिल्या पानावर छापलं, 'कोळंबीच्या हाती झाडू!' शाळेत निबंध लागला. बगळेसाहेबांनी स्वतः निरोप धाडला: 'या आदर्श नागरिकाची मी समक्ष भेट घेणार आहे.'

सगळे टाळ्या वाजवत होते. शालन झाडत होती. दिवसेंदिवस जरा हळू.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी कावेरीबाई टाकीपाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता त्यांचे हात थांबले. त्या बराच वेळ वाळूकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही झाडत नाहीये."

"म्हणजे?"

"ही खरवडतेय. ओढा आटला होता त्या वर्षी माझी आई डब्याचा तळ असाच खरवडायची. आम्ही पोरंही म्हणायचो, आई किती छान डबा घासते." त्यांनी सूप खाली ठेवलं. "उपाशी आहे ती. पाण्यातून येणारं खाते ना? मग त्या लुगड्यातून काय येणार, माझं कर्म?"

त्रिंबकरावांनी वाकून बघितलं. शालनचा रंग फिका पडला होता, पाठ आत दबल्यासारखी दिसत होती. तिनं एक पंखा वाळूवरून ओढला, तोंडात घातला, चाटला. त्यात काहीच नव्हतं. तिनं तो पुन्हा वाळूवर ठेवला.

मुलांनो, या पाणमांजरानं आयुष्यात किती कोळंब्या खाल्ल्या असतील, याची गणती नाही. तरी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण उद्या तपासणी आहे," ते म्हणाले. "पाटी लागेल. पेपरात येईल."

"लुगडं सोडा," कावेरीबाई म्हणाल्या.

त्यांनी लुगडं सोडलं. कावेरीबाईंनी ओढ्याच्या तळचा दोन घागरी गाळ आणला, कुजकी पानं हातानं चुरडली आणि सगळं टाकीत ओतलं. मघापर्यंत आरशासारखी दिसणारी टाकी आता चहासारखी दिसू लागली. नंतर बासुंदीसारखी. मग काहीच दिसेना.

दोघं काचेला डोळे लावून बसले. दिवस कलला. अखेर दगडाच्या वरच्या टोकाशी, अगदी काचेलगत, एक पंखा उघडताना दिसला. मग मिटला. आणि या वेळी तोंडाशी बराच वेळ राहिला.

"जेवली," कावेरीबाई म्हणाल्या आणि दुधी चिरायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळेसाहेब आले. आधी गोदाक्कांकडे गेले. कावेरीबाई कुंपणावर कपडे वाळत घालत होत्या, म्हणून त्यांना सगळं दिसलं.

"वा! आरपार!" बगळेसाहेब म्हणाले. "आता खोली मोजतो. बाई, जरा पाण्याचा पेला आणा."

गोदाक्का आत गेल्या. साहेबांनी टाकीत चोच घातली. खोली त्यांनी सात वेळा मोजली. दर वेळी त्यांच्या लांब मानेतून एक गाठ सावकाश खाली सरकत गेली. गोदाक्का पेला घेऊन आल्या, तेव्हा साहेब चोच पुसत होते.

"शंभरपैकी शंभर," ते म्हणाले. "टाकीत नजरेला अडेल असं काहीसुद्धा नाही."

गोदाक्का इतक्या हरखल्या, की त्यांनी टाकीकडे बघितलंच नाही.

मग साहेब कुंपण ओलांडून त्रिंबकरावांकडे आले. टाकी बघून त्यांची चोच उघडीच राहिली.

"हे काय?"

त्रिंबकराव छाती काढून पुढे झाले. रात्रभर त्यांनी मनाशी भाषण जुळवलं होतं. "साहेब, नितळ पाण्यात जीव उपाशी मरतो. हे गढूळ दिसतं, पण यात अन्न आहे. आणि आमची शालन..."

"हो, तीच!" साहेबांचा गळा हलला. "ती झाडणारी कोळंबी. कुठाय? मला तिची समक्ष भेट घ्यायची आहे."

"आमची शालन..." त्रिंबकराव पुन्हा म्हणाले.

कावेरीबाईंनी त्यांच्या सुजलेल्या अंगठ्यावर पाय ठेवला आणि सगळा भार त्यावर टाकला.

त्रिंबकरावांनी अशी किंकाळी फोडली, की आळीतली पाखरं उडाली.

"आठवण निघाली की असं होतं यांना," कावेरीबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. "काय सांगू साहेब! यांनीच खाल्ली तिला."

"खाल्ली?"

"काल रात्रीच. पथ्य मोडलं. बघा ना, अंगठा केवढा सुजलाय."

बगळेसाहेबांनी अंगठा बघितला. मग टाकीत चोच घालून एकदा ढवळलं. तोंडात नुसता चिखल आला. ते थुंकले. त्यांच्या पांढऱ्या छातीवर एक तपकिरी ओघळ उतरला.

"शासनाचा आदर्श खाल्लात?" ते ओरडले. "आणि तोही एकट्यानं?"

त्रिंबकरावांच्या दारावर दोन पाट्या लागल्या. एकीवर 'अस्वच्छ घर' आणि दुसरीवर 'आदर्शभक्षक'.

पाट्या लावून साहेब गेल्यावर त्रिंबकराव बायकोवर चिडले. "सगळं सोडून नेमका हाच आळ? पथ्य लागल्यापासून मी एकीलाही तोंड लावलेलं नाही! दुधी खाऊन दिवस काढतोय!"

"मग जा आणि खरं सांगा," कावेरीबाई म्हणाल्या. "साहेब लगेच भेटायला येतील तिला."

त्रिंबकराव खाली बसले.

पुढे चषक गोदाक्कांना मिळाला. त्या घरी आल्या, चषक टाकीशेजारी ठेवला, आणि तेव्हा त्यांना टाकी नीट दिसली. त्यांनी आरडाओरडा केला. तसाच आरडाओरडा आणखी चाळीस घरांतून झाला. शंभरपैकी शंभरवाल्या कुठल्याही टाकीत मासा शिल्लक नव्हता. हा गंभीर प्रकार आहे, असं सिंहानं कळवलं आणि चौकशी समिती नेमली. समितीला पाण्याची उत्तम जाण असावी, म्हणून अध्यक्षपद बगळेसाहेबांकडे दिलं. समितीचा निष्कर्ष असा निघाला की मासे स्वच्छतेला बुजून स्वतःहून निघून गेले असावेत.

त्रिंबकरावांशी आळीत कुणी बोलेना. पोरं दारावरून जाताना पाटी मोठ्यानं वाचत. ते मान खाली घालून टाकीपाशी बसत. शालन आता काचेलगतच्या दगडावर उभी राही. तिचा रंग पुन्हा गडद झाला होता. गढूळ पाण्यातून कधी एक पंखा दिसे, कधी दोन. चारही एकदम दिसले, तर त्रिंबकराव कावेरीबाईंना हाक मारत, आणि त्या हातातलं काम टाकून येत.

महिन्याभरानं एका दुपारी गोदाक्का मागच्या दारानं आल्या. पदराखाली काहीतरी लपवलं होतं. इकडे तिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "कावेरी, मी दोन नव्या मासोळ्या आणल्यात गं. पुढच्या पंधरवड्याचा आदेश निघालाय म्हणतात."

"बरं मग?"

गोदाक्कांनी पदराखालून चषक काढला. सोनेरी, दोन कानांचा, वर बगळ्याचं चित्र.

"यात मावेल तेवढा चिखल देतेस?"

कावेरीबाईंनी चषक काठोकाठ भरून दिला.

तात्पर्य: मुलांनो, घरातलं पाणी नेहमी नितळ ठेवावं. साहेब एवढ्या लांबून येतात. त्यांना चाचपडत बसायला लावणं शोभत नाही.