सात वाजताची देवी

दाढी करायला आरसा हातात घेतला आणि हैबतराव चक्क खूश झाले. कपाळ, नाक, गाल, सगळीकडे पुरळच पुरळ!

त्याचं असं की, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर, तोही पार चौथ्या स्टेजचा. मुंबईच्या डॉक्टरने गाठीचा तुकडा तपासून सांगितलेलं, "तुमच्या गाठीत जो बिघाड आहे ना, बरोबर त्याच्यावरच ही गोळी आहे. रोज एकच, सकाळी सातला, रिकाम्या पोटी. आजार मुळासकट जाणार नाही, पण आवरून धरेल. पुरळ येईल, जुलाब होतील, तर आम्हाला फोन करा. मनाने गोळी थांबवायची नाही." बारा दिवसांत धाप इतकी उतरली की हैबतराव वालाच्या शेतावर चालत जाऊन आले. त्यात आता हे पुरळ. म्हणजे गोळी कामाला लागली असणार!

नेमकी तेव्हाच, गोळी घ्यायच्या आधी, खांब गावाहून त्यांची मोठी बहीण सगुणाअक्का दारात. भाऊ आजारी म्हणून भेटायला आलेली. तोंड बघितलं आणि उंबऱ्यातच हात जोडून उभी राहिली, हैबतरावांच्या सुनेला हाक मारत.

"नूतन, आई आली गो! देवी आल्यात हैबतीला!"

"अगो अक्का, औषधानं आलंय ते," हैबतराव म्हणाले.

"गप ऱ्हा. देवी असताना घरात औषध नाय चालत. आई कोपते."

आणि गोळ्यांची डबी उचलून थेट कमरेला खोचली! नूतनने सासऱ्यांच्या तोंडाचा फोटो काढून हॉस्पिटलला पाठवला. तिकडून लगेच फोन. पुरळ गोळीचंच आहे, मलम लावा, ऊन टाळा, गोळी चालू ठेवा.

"फोटोत आई दिसते व्हय त्यांना?" अक्काने विचारलं. विषय संपला!

तासाभरात दाराला कडुनिंब लागला, फोडणी बंद झाली, आणि दुपारपर्यंत अख्खी आळी दर्शनाला. शेजारचा जनू, एरवी बांधावरून शिव्या घालणारा, तो पायावर डोकं ठेवून म्हणाला, "आई, चुकलंमाकलं पोटात घाल."

"जनू, ऊठ आणि पाणी आण," हैबतराव वैतागून म्हणाले.

जनू पळतच पाणी घेऊन आला. हैबतरावांनी तांब्याकडे बघितलं, मग जनूकडे बघितलं. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. या घरात हैबतीचं कुणी ऐकत नाही, पण आईचं सगळे ऐकतात.

दुसऱ्या दिवशी बरोबर सातला हैबतराव घुमायला लागले.

"हुंऽऽ! माझी गोळी कुठंय?"

अक्का ताट घेऊन आली. हळद, कुंकू आणि मधे दोन गोळ्या. "कालची ऱ्हायली ना आई, म्हणून दोन."

"एकच! ऱ्हायलेली भरून नाय काढायची! हुंऽऽ!"

तेवढ्यात जनू पुढे सरकला. "आई, ती दुसरी परसाद म्हणून दे. माझ्या मेव्हण्याला पण गाठ हाय."

हैबतराव घुमायचेच थांबले, इतके घाबरले. मग दुप्पट जोराने सुरू. "त्याची गाठ तपासली काय? ही गोळी ज्याची त्यालाच! त्याला त्याच्या डॉक्टरकडं ने! आजच! हुंऽऽ!"

जनू गाडी काढायला पळाला. अक्काने शिऱ्याची वाटी पुढे केली.

"तासभर कायपण खायचं नाय! हुंऽऽ!"

गोळी पोटात गेली, माणसं पांगली. अक्का जवळ बसली आणि हळूच म्हणाली, "हैबती, आई काय तासभर उपाशी ऱ्हाते होय रे?"

हैबतरावांनी मान खाली घातली. "कळलं होतं, तर गोळी कशाला दिलीस?"

"मी कुठं दिली? चार माणसांसमोर आईनं मागितली, म्हणून दिली. आता कोप झाला तर माझ्यावर नाय." अक्काने दुसरी गोळी डबीत टाकली आणि डबी परत कमरेला खोचली. "उद्या सातला परत माग. आणि मधेच थांबू नको, जनूला संशय येईल."